धुतलेले हात

रोगी रुग्णालयात जातो तो बरा होण्यासाठी. त्याच्या घरची माणसे दागिना गहाण टाकतात, पेरणी अर्धवट सोडून त्याच्या उशाशी बसतात, घरी म्हातारी आई रोझरीचे मणी ओढीत असते. या सर्वांमागे एकच विश्वास असतो, की त्या चार भिंतींच्या आत आपला माणूस सुरक्षित आहे. बहुतांशी तो विश्वास सार्थ ठरतो. तथापि कधी कधी असे घडते, की शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जखमेत पू होतो आणि चार दिवसांत घरी यावयाचा गृहस्थ महिनाभर खाटेला खिळतो. बाळंतीण सुखरूप सुटते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाने फणफणते. सलाईनची सुई जेथे टोचली तेथे हात सुजतो, लघवीसाठी घातलेल्या नळीतून जंतू आत शिरतात. येताना जो रोग बरोबर नव्हता तो रुग्णालयातच जडतो.

वैद्यकशास्त्र याला रुग्णालयजन्य जंतुसंसर्ग म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी सरासरीने दहांतील एक जण त्यामुळे दगावतो. त्याच अहवालात एक आशेची गोष्टही नमूद आहे. हातांची स्वच्छता व इतर साधे, कमी खर्चाचे उपाय यांनी यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात. ज्या मृत्यूंपुढे आपण ‘देवाची इच्छा’ म्हणून मान तुकवतो, त्यांतील काही देवाच्या इच्छेने झालेले नसतात, ही गोष्ट धर्मगुरूला अस्वस्थ करणारी आहे.

हा विषय आमच्या मनात रुजला तो भोर आणि वेल्हे या भागात जाणे-येणे घडल्यामुळे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळले, की नसरापूरवरून वाट वेल्ह्याकडे जाते. तसेच पुढे जाऊन कापूरहोळला वळले, की भोर. शंभूराजांना अंगावर पाजणारी धाराऊ गाडे ही या कापूरहोळचीच. दुसऱ्याच्या लेकराला आपले मानून जपण्याची ही परंपरा या मातीत जुनी आहे. पश्चिमेकडे तोरणा आणि राजगड. याच राजगडाचे नाव वेल्हे तालुक्याला देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यागत पाऊस पडतो. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही सारी धरणे या डोंगरांतील पाण्यावर भरतात. पानशेत व वरसगावचे पाणी पुणेकरांच्या घरी पोहोचते, भाटघरचे पाणी कालव्यांतून पार बारामती-इंदापूरच्या शेतात जाते. आणि ज्यांच्या उशाशी हे पाणी साठते त्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. हात धुण्याचा उपदेश करणाऱ्याने हे दृश्य विसरू नये.

अशा दुर्गम मुलखात आरोग्यसेवा एखाद्या उतरंडीसारखी रचलेली असते. गावात आशा, उपकेंद्रात आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्यकेंद्रात डॉक्टर व परिचारिका, तालुक्याच्या गावी रुग्णालय. आणि प्रसंग बिकट झाला तर रुग्णवाहिकेतून पन्नास-साठ किलोमीटर दूर पुण्याचे ससून. सरकारी निकषाप्रमाणे डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावयाचे. कागदावरील या आकड्यांमागे प्रत्यक्षात उभी असते ती एखादी चाळिशीतील आरोग्यसेविका. तिच्या पर्शीत लसीकरणाच्या याद्या असतात आणि शेवटची एसटी निघून गेल्यावर ती कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून घर गाठते.

अशाच एका आरोग्यसेविकेला आम्ही विचारले, की हात केव्हा धुवावेत हे तुम्हांला कोणी शिकवले आहे काय? तिने क्षणाचाही विलंब न लावता पाच बोटे मोजली. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन वा मलमपट्टीसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा शरीरातील अन्य स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या खाटेला, चादरीला, टेबलाला हात लागल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलेल्या त्या पाच वेळा तिला तोंडपाठ होत्या. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही, हेही तिने सांगितले. मग थोडे थांबून म्हणाली, “फादर, माहीत सगळं आहे. पण बाहेर साठ माणसं रांगेत असतात, नळाला पाणी नसतं, आणि आत मी एकटी असते.”

तिच्या मागे उभी राहून फरशी पुसणाऱ्या मावशींनाही आम्ही तोच प्रश्न केला. त्या संकोचल्या. असे काही आपल्याला विचारले जाईल ही कल्पनाच त्यांना नवी होती. प्रशिक्षणाला त्यांना कोणी बोलावले नव्हते. तरी त्या म्हणाल्या, “बाळंतपणाच्या खोलीचं फडकं मी दुसरीकडे नेत नाही, अन् दुसरीकडचं तिथं आणत नाही. कोवळ्या जिवाला आपल्या पायाची घाण कशाला?” जंतुशास्त्राचा एक महत्त्वाचा नियम त्या माउलीने स्वतःच्या विचाराने शोधला होता. आम्ही पुढे विचारले, की मोठ्या माणसांपैकी कोणी हात न धुता खोलीत शिरले तर तुम्ही सांगता का? त्यावर त्या हसल्या. “आम्ही कसं सांगायचं, फादर?”

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म या दोन उत्तरांत आहे. आरोग्यसेवकांना संसर्ग टाळण्याचे ज्ञान किती, याची चर्चा होते तेव्हा प्रश्नपत्रिका काढून गुण मोजले जातात. ते आवश्यकच आहे. परंतु एकीपाशी ज्ञान आहे तर पाणी आणि वेळ नाही. दुसरीपाशी नजर आहे तर बोलण्याचा अधिकार नाही. ज्ञान डोक्यातून हातात उतरावयाचे तर त्याला नळाचे पाणी लागते, आणि खालच्या पायरीवरील माणसाचे ऐकून घेणारे वरच्या पायरीवरील कानही लागतात.

इतिहासानेही हेच शिकवले आहे. १८४० च्या दशकात व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एक डॉक्टरांच्या व वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती, दुसरा सुइणींच्या हाती. डॉक्टरांच्या विभागात १८४६ साली शंभरांतील अकराहून अधिक बाळंतिणी तापाने मेल्या. सुइणींच्या विभागात तीनांहून कमी. गोरगरीब स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या कोड्याने बेचैन झाला. मार्च १८४७ मध्ये त्याचा एक स्नेही शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारला. त्याची लक्षणे बाळंतिणींच्या तापासारखीच होती. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले, की शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हातच मृत्यू वाहून आणीत आहेत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनांवर आले. एवढा पुरावा असूनही त्या काळच्या अनेक प्रतिष्ठितांना तो पटला नाही. सज्जनाच्या हातून रोग पसरतो हे मान्य करणे त्यांना अपमानास्पद वाटले. १८६५ साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सेमेलवाइस वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला, तोही जखमेतील संसर्गाने. गरीब बाळंतिणींना जे दिसत होते ते विद्वानांना पाहावयाचे नव्हते, हे या हकिकतीतील खरे दुःख आहे.

दुसरी हकिकत आपल्या मुंबईशी निगडित आहे. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकशे सात जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु पुढे पुराव्यांची छाननी झाली तेव्हा एक साधी गोष्ट ठळक झाली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. आज परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे सारे ज्ञान अखेर एका खाली पडलेल्या चिमट्यावर अवलंबून राहिले. तो चिमटा उचलणाऱ्या माणसाला, ‘थांबा, हा पुन्हा उकळला पाहिजे’ असे म्हणण्याचे शिक्षण व धैर्य दोन्ही असते, तर एकोणीस घरांतील रडणे टळले असते.

आपण ख्रिस्ती माणसे सेवेची महती गातो. रोममध्ये १५९१ साली साथीच्या रुग्णांना खांद्यावरून वाहून नेणारा तरुण येशूसंघीय आलोयसियस गोन्झागा तेविसाव्या वर्षी त्याच रोगाने गेला. ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. १९०५ साली डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेले. या हौतात्म्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. पण एक भेद ध्यानी घ्यावा. उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवितात हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. सावित्रीबाई गेल्या तेव्हा ते ठाऊकच नव्हते. आज ज्ञान आहे. आज एखादी परिचारिका हातमोजे न मिळाल्यामुळे, वा सफाई कामगार कचऱ्याच्या पिशवीत चुकीच्या जागी टाकलेली सुई बोटात घुसल्यामुळे आजारी पडला, तर त्याला हौतात्म्य म्हणून हार घालणे ही आपली लबाडी होईल. २०२० व २०२१ साली कोविडने शेकडो डॉक्टर, परिचारिका आणि कामगार नेले. त्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजविल्या, दिवे लावले. त्यांच्या मागे राहिलेल्यांना पुरेसे हातमोजे, वाहते पाणी आणि सुया टाकण्यासाठी न फुटणारा डबा मिळतो की नाही हे विचारणे, ही त्या दिव्यांपेक्षा मोठी प्रार्थना आहे.

कोणी श्रद्धावंत येथे विचारील, की हात न धुता जेवल्याने मनुष्य विटाळत नाही असे प्रभूनेच परुश्यांना सांगितले ना? सांगितले खरे. पण तेथे वाद होता तो विधीच्या शुद्धाशुद्धतेचा. स्वतःला सोवळे आणि दुसऱ्याला ओवळे ठरविण्यासाठी हात धुण्याला प्रभूचा विरोध होता. रुग्णाच्या खाटेपाशी आपण हात धुतो ते दुसऱ्याच्या रक्षणासाठी. शुभवर्तमानात हात धुण्याचा आणखी एक प्रसंग आहे, पिलाताचा. त्याने जबाबदारी झटकण्यासाठी हात धुतले. परिचारिका हात धुते ती जबाबदारी घेण्यासाठी. पाणी तेच, कृतीही तीच; अर्थ मात्र दोन टोकांचे.

धर्मगुरूही यातून सुटत नाही. रुग्णाभ्यंग देताना आम्ही आजाऱ्याच्या कपाळाला व तळहातांना अंगठ्याने तेल लावतो आणि अनेकदा एकाच वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातो. आमचा अंगठा पवित्र तेलाने माखलेला असला, तरी जंतूंना पावित्र्य कळत नाही. ख्रिस्तसभेने याचा विचार केलेला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील एक हजाराव्या कलमात, तेल स्वतःच्या हाताने लावावे असे सांगून, गंभीर कारण असल्यास एखादे साधन वापरण्याची मुभा दिली आहे. कोविडच्या काळात अनेक ठिकाणी धर्मगुरूंनी कापसाच्या बोळ्याने अभ्यंग दिला तो याच आधारे. दोन खाटांच्या मध्ये हात धुण्यास जो वेळ लागतो, तो आम्ही संस्काराचाच एक भाग मानतो. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे स्वतः रोमच्या रुग्णालयात पडून राहिलेला आणि पुढे रुग्णसेवकांचा संघ स्थापन करणारा संत कामिलस आज रुग्णांचा व परिचारिकांचा आश्रयदाता आहे. रुग्णामध्ये ख्रिस्त दिसतो अशी त्याची श्रद्धा होती. ज्याला तेथे ख्रिस्त दिसतो तो मळक्या हाताने त्याला शिवणार नाही.

आता आपल्या कुटुंबांविषयी. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत, त्यांना हे सारे आमच्याहून अधिक ठाऊक आहे. पण आपण भेटायला जाणारे? कोणी दाखल झाल्याचे कळले, की आपण दहा-बारा जण मिळून जातो. खाटेवर बसतो, नवजात बालकाला या हातातून त्या हातात देतो, त्याचे मुके घेतो, शेजारच्या खाटेवरील अनोळखी आजाऱ्याचीही विचारपूस करून त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु प्रेमाला थोडे शास्त्र जोडले पाहिजे. दोघांनीच जावे, खाटेवर बसू नये, खोकला-सर्दी असल्यास घरूनच प्रार्थना करावी, आणि आत शिरताना व बाहेर पडताना हात धुवावेत. साबणाने नीट हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात. एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ शांतपणे म्हणण्यास लागतो तितकाच हा वेळ.

आणखी एक सवय. साध्या तापातही ‘सलाईन लावा, सुई मारा’ असा आग्रह आपण धरतो, आणि गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. वस्तुतः प्रत्येक सुई म्हणजे कातडीला पाडलेले दार आहे. त्यातून औषध जाते तसे जंतूही जाऊ शकतात. गुजरातेतील मोडासा परिसरात २००९ साली हिपॅटायटिस-बी काविळीची साथ येऊन अनेक माणसे दगावली, तेव्हा वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरल्याचे उघडकीस आले. म्हणून गरज नसताना सुई मागू नये. गरज असेल तर नव्या पाकिटातील सुई आपल्या समोर फोडली जात आहे ना हे पाहावे. हाताला लावलेली वा लघवीसाठी घातलेली नळी अजून ठेवणे आवश्यक आहे का, असे दर दिवशी नम्रपणे विचारावे. यात अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील त्या आरोग्यसेविकेला आणि मावशींना आपण लांबून काय देणार? जेथे आपले ग्रामपंचायतीत, शाळेत, रुग्ण कल्याण समितीत कोणी बसते, तेथे त्याने आरोग्यकेंद्राच्या नळाला उन्हाळ्यातही पाणी असते का, हा प्रश्न पहिला मांडावा. आपल्या ख्रिस्ती दवाखान्यांच्या चालकांनी प्रशिक्षणाच्या दिवशी झाडू मारणाऱ्या बाईलाही डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची द्यावी, आणि तिने कोणालाही ‘हात धुवा’ म्हटले तर ऐकणाऱ्याने ‘बरे झाले सांगितलेत’ एवढेच म्हणावे, असा नियम करावा. पवित्र गुरुवारी आपण बारा जणांचे पाय धुतो. गुरूने शिष्यांपुढे गुडघे टेकले, तो धडा रुग्णालयात अशा रीतीने गिरवावयाचा आहे. आणि त्या आरोग्यसेविकेपुढील साठ जणांच्या रांगेत आपण उभे असू, तर ती हात धुण्यासाठी आत वळल्यावर घड्याळाकडे न पाहता तिला तो मिनिटभर द्यावा. तो मिनिट ती आपल्यासाठीच खर्च करीत असते.